सेकंदाला एकच आकडा

"एवढंच ऐकवा हो ताई," रेवती म्हणाली. "दुर्वा जाताना 'आई' म्हणाली, असं हे सांगतात. मी कपाळावरच्या पट्टीसाठी पाणी आणायला गेले होते. तान्ही पोर, जन्मात एकदाच बोलली, आणि नेमकी मीच नव्हते."

गणकयंत्र चालवणाऱ्या शलाकाने पडद्यावर आलेख काढला आणि तिला आपली चूक दिसली. खोलीतल्या आजच्या हवेच्या हालचालींवरून मागे मागे जात गणकयंत्राने दुर्वाच्या त्या शेवटच्या दिवशीची हवा अचूक उलगडली होती. पण जागा वाचवायच्या सवयीने शलाकाने सेकंदाला एकच आकडा साठवला होता. वारा मोजायला तेवढं पुरतं. आवाजाला सेकंदाला हजारो लागतात.

"ही काय, रेघ दिसतेय की!"

"ते नुसते ठिपके आहेत. रेघ यंत्राने जोडलीय. त्यात आवाज नाही."

"मग पुन्हा करा ना."

"या यंत्रावर एका घराला एकदाच पाळी मिळते, रेवतीताई. माझं चुकलं."

रेवती ओरडली नाही. "मग काय उरलंय?"

ऊब उरली होती. ती सावकाश बदलते. शलाकाने उशीजवळच्या हवेचं तापमान काढलं. दुर्वाच्या मंदावलेल्या श्वासागणिक रेघ इवलीशी चढत होती, उतरत होती, आणि उजवीकडे हळूहळू सपाट होत गेली होती.

रेवतीने पडद्याची उजवी बाजू तळहाताने झाकली.

"इथपर्यंतच छापून द्या," ती म्हणाली.