हॅटवाला गडी

"नाही जमत, सर," फोटोग्राफर वैतागून म्हणाला. "चित्रातल्यासारखं जरा ऐटीत उभे राहा ना!"

चित्रकाराचा मुलगा, चांगला पन्नाशीचा प्राध्यापक, घामाघूम झाला. भिंतभर वडिलांनी रंगवलेल्या जुन्या जाहिराती लावल्या होत्या, सुटाच्या कापडाच्या. सगळीकडे तोच रुबाबदार गडी. हॅट भुवईवर कललेली, एक हात खिशात, भार डाव्या पायावर आणि चेहऱ्यावर जगाची फिकीर नाही. एके काळी तरणी पोरं आरशासमोर त्याची नक्कल करायची. वडील गेल्यानंतरचं हे पहिलंच प्रदर्शन, तेव्हा मुलाने हॅट घालून तसंच उभं राहावं, ही वर्तमानपत्रवाल्यांची हौस.

त्यांना काय ठाऊक, याच गड्यापायी त्याने लहानपणी किती मार खाल्ला होता! "बायकांसारखा काय उभा राहतोस? याच्याकडे बघ!" म्हणत वडील पट्टी उगारायचे. आजही त्याचे खांदे आपसूक आखडले.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आई उठली. "अरे, खांदा सोड. हात कोंबू नकोस, नुसता अडकव. अंगठा बाहेर." तरी जमेना. "सरक बाजूला."

तिने त्याच्या डोक्यावरची हॅट घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवली, नसलेल्या खिशात हात घातला आणि डाव्या पायावर भार टाकला. भिंत धरून चालणारी म्हातारी क्षणात ताठ झाली. फोटोग्राफर चित्राकडे बघे, तिच्याकडे बघे, पुन्हा चित्राकडे.

"आई, हे तुला कसं येतं?"

"न यायला काय झालं? मीच उभी राहायचे की! त्यांचा कोट मला ढगळ व्हायचा, मग पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून आवळायचे. चेहरा तेवढा ते मनाने काढायचे. तिकडे दूध उतू जायचं, पण मला हलायची सोय नव्हती."

त्याला वडिलांची पट्टी आठवली. तो मार खायचा तेव्हा ती दारातच असायची. गप्प.

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

आईने हॅट काढली. तिची पाठ पुन्हा वाकली होती.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोराला कळलं, तर पुरुषासारखं उभं राहायला ते शिकणार कुणाकडून?"