खाटकाची अळंबी

"आता मी जे सांगणार आहे ते कुणालाही पटायचं नाही," खाटीक म्हणाला आणि त्याने मोठ्या ताटावरचं झाकण उचललं. "हा बोकड जन्मभर फक्त फुलं खाऊन राहिला."

वाफ वर चढली आणि दिव्याभोवती रेंगाळली. टेबलाभोवतीची माणसं जरा धूसर, जरा स्वप्नातल्यासारखी दिसू लागली.

"फुलं?" आक्काने विचारलं. आक्का ही खाटकाची थोरली बहीण. तिच्या होकाराशिवाय घरात कुणाचं लग्न ठरत नसे. आणि आज सणाच्या जेवणाला तिच्या शेजारी बसली होती ती खाटकाच्या मुलाने पसंत केलेली मुलगी.

"गुलाब," खाटीक म्हणाला. "थंडीत शेवंती."

बोलता बोलता त्याने मुलीकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. सगळी भिस्त त्या डोळ्यावर होती. कारण ताटात बोकड नव्हताच.

झालं होतं असं, की ही मुलगी मागे एकदा दुकान बघायला आली होती. आकड्याला टांगलेल्या मटणाकडे तिने पाहिलं, लाकडी ठोकळ्याकडे पाहिलं, खाटकाच्या हातातल्या सुरीकडे पाहिलं आणि कंटाळल्यासारखं तोंड फिरवलं. "घरी थोडं पाठवून देऊ का?" असं खाटकाने विचारलं, तर ती घाईघाईने म्हणाली, "छे छे, आमच्याकडे नको!"

"हॉटेलातही ती मटणाला हात लावत नाही," मुलगा म्हणाला. "नुसती कोशिंबीर खाते."

"अरे, मग विचार की तिला सरळ!" त्याची आई म्हणाली.

"काय विचारू? मी खाटकाचा मुलगा, हे सांगतानाच माझी बोबडी वळली होती. ती नुसती हसली. ते हसू मला अजून कळलेलं नाही."

आक्काला मात्र सगळं कळलं होतं. "आपल्या ताटातलं जिला चालत नाही, तिला आपलं घर काय चालणार? सणाला भाजलेलं मटण नसेल तर मी पानावरून उठेन. आणि मग लग्नाचं मला विचारू नका."

मुलीसाठी वेगळी भाजी केली असती तर आक्काने तिथल्या तिथे नकार दिला असता. म्हणजे पदार्थ एकच हवा होता. मुलीला चालेल असा आणि आक्काला मटण वाटेल असा.

या काळजीत खाटकाचा दुपारी दुकानातच डोळा लागला. बघतो तर दारात भाज्यांची रांग. फ्लॉवर नुकतेच केस धुऊन आल्यासारखा फुललेला. वांगं झुळझुळीत जांभळ्या कपड्यांत. भोपळा दारातून आत मावेना, म्हणून तो बाहेरूनच स्वतःचे गुण ओरडून सांगत होता. खाटीक एकेकाला संकोचून विचारत होता, "माफ करा, पण भाजल्यावर आपण कसे दिसता?" वांगं तर हे ऐकूनच घेरी येऊन पडलं.

ठोकळ्याखाली एक अळंबी टोपी घालून गप्प उभी होती.

"तू कधी आलीस?" खाटकाने विचारलं.

"आले कुठे? मी इथेच उगवले."

खाटीक जागा झाला तो थेट बाजारात गेला. मग त्याने अळंबी आणि अक्रोड बारीक कुटले, त्यात काळपट होईस्तोवर परतलेला कांदा घातला, मसाला चोळला आणि त्याची मांडीएवढी गुंडाळी केली. तिला दुकानातला दोरा बांधला, नेहमीची गाठ मारली आणि ती भट्टीत सरकवली. बाहेर आली तेव्हा त्याची बायकोसुद्धा क्षणभर फसली.

मुलीच्या कानात हे गुपित दारातच सांगायचं, असं मुलाने कबूल केलं होतं. पण दार उघडलं आक्काने. मुलीचा हात धरून तिने तिला थेट आपल्या शेजारी बसवलं. मुलगा आ वासून बघत राहिला. आता उरला होता खाटकाचा डोळा आणि खाटकाची जीभ.

"रात्री तो गच्चीवर झोपायचा," खाटीक काप वाढत म्हणाला. "पहाटे ढग खाली उतरले की त्यांच्यावर मान टेकायचा. कुणी बासरी वाजवली तर रवंथ थांबवून ऐकायचा. आणि शेवटी मी सुरी उचलली, तर हा गाढ स्वप्नात. मी म्हटलं, बाबा, स्वप्न पुरं होऊ दे. ते काही पुरं होईना. तो तसाच झोपेत, हसत हसत गेला."

आक्काने घास घेतला.

"हं. कोवळा आहे," ती म्हणाली. "वाढ अजून."

मुलीनेही एक घास घेतला. ती थांबली. काप काट्याने उलटा करून तिने नीट पाहिला, मग खाटकाकडे पाहिलं. खाटकाने दुसरा डोळाही मिचकावला. ती हसली आणि मन लावून खाऊ लागली.

समजलं हिला, खाटकाच्या मनात आलं. शहाणी पोर. त्याचा जीव भांड्यात पडला आणि बोकडाला तर पंखच फुटले. तो चिमण्यांबरोबर उडाला, चंद्राला शिंगं घासून आला.

आक्काने मुलीच्या ताटाकडे पाहिलं. ते चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "मुलगी आवडली मला. आपल्यासारखंच खाते. तारीख काढा."

मुलाने टेबलाखाली आईचा हात घट्ट धरला. खाटीक डोळे मिटून बोकडाला चंद्रावरून खाली उतरवू लागला.

"काका, पुरे!" मुलगी खदखदून हसत म्हणाली. "कसला बोकड? ही चक्क अळंबी आहे! अहो, मी खाटकाचीच मुलगी, हॉटेलातलं मटण मला कसं चालेल? तुमच्या हातचं मटण खायचं म्हणून सकाळपासून उपाशी आहे मी!"