फसलेला फोम

फोमवाल्यांनी गच्चीवर फोमचा फवारा मारला आणि बाबांची वरची खोली गारेगार झाली. पण असं काही झालेलंच नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

आई गेल्यापासून बाबा खाली यायचे ते फक्त उकाड्यामुळे. दुपारी घाम पुसत उतरायचे आणि झोपेपर्यंत आमच्यात बसायचे. त्यांना त्रास नको म्हणून मीच हा फोम मारून घेतला.

दुसऱ्याच दुपारी बाबा खाली आले. अंगात स्वेटर.

"वर भट्टी पेटलीय नुसती," ते म्हणाले.

"हो ना बाबा, फोम अगदीच कुचकामी निघाला," बायको म्हणाली. "बसा, पंखा लावते."

"एकवरच लाव गं."

काल फोमवाला मीटर घेऊन तपासायला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमची खोली या हॉलपेक्षा सहा अंशांनी गार आहे." चोरी पकडली गेल्यासारखे बाबा उठले आणि जिन्याकडे निघाले.

तरी कंपनीस नम्र विनंती, की सदर काम साफ फसल्याचे प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह त्वरित द्यावे. ते जिन्यात लावायचे आहे, तेव्हा अक्षरे मोठी असावीत. बाबा जिना चढताना चष्मा लावत नाहीत.