पितळी मूठ

उजाडायच्या आत तिने दोन्ही दारांच्या मुठींना रात्रभर बांधून ठेवलेल्या पिशव्या सोडल्या. आतला उकडलेल्या अंड्यांचा चुरा केरात टाकला, वास जावा म्हणून खिडकी उघडली आणि चहाचं आधण ठेवलं. पितळी मुठी काळवंडल्या होत्या, नेहमीसारख्याच, डागाडागांनी.

थोड्या वेळाने सासरे फडकं घेऊन आले.

“आजही काळ्या पडल्या गं, सूनबाई!”

“हवाच दमट आहे, बाबा.”

“हवा. बरं.” ते स्टुलावर टेकले. “आणि अंडी एवढी आणतेस, माझ्या ताटात एकही दिसत नाही. जातात कुठे?”

“मांजर येते एक.”

“चांगली गुबगुबीत असेल!” असं म्हणून ते मूठ घासू लागले.

जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांना पितळी सामान बसवलं. गिऱ्हाइकाला शेवटी एकच सांगणं असे : वर लॅकरचा चकचकीत लेप नसलेलं पितळ घासू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा, फार तर मेणाचा हात फिरवा. ते आपलं आपण मुरतं. हात लागतो तिथे उजळतं, लागत नाही तिथे सावळं होतं. तेच सासरे आता रोज मुठी घासून लख्ख करत. दुःखात माणूस स्वतःचा धडाही विसरतो, असं तिला वाटे.

त्यांचा मुलगा, तिचा नवरा, गेला आणि महिनाभरात ते चालतं दुकान भाच्याच्या हाती देऊन तिच्याकडे राहायला आले. “एकट्याला घर खायला उठतं,” एवढंच म्हणाले. “बाबांना रिकामं बसू देऊ नकोस हं,” नणंदेने फोनवर बजावलं. तेव्हा तिच्या स्वतःच्या खोलीचा पडदा दुपारपर्यंत सरकत नसे. पण आल्या दिवशीच ते दाराची मूठ पुसत बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. मूठ लख्ख झाली, काम संपलं. तिने फोनवर शोधून अंड्यांची युक्ती काढली : उकडलेल्या अंड्याच्या वाफेने पितळ रातोरात काळवंडतं.

तेव्हापासून दोघांचा चहा त्या स्टुलापाशीच होई. नवऱ्याच्या लहानपणच्या खोड्या निघत, मधूनच हसू फुटे. ‘अशी सून मिळायला भाग्य लागतं,’ असं ते नणंदेला सांगत. आपण त्यांना सावरलं, याचं समाधान तिला होतं. आणि सावरू दिलं, याबद्दल ती मनोमन त्यांची ऋणी होती.

आज मात्र ते कप दोन्ही हातांनी धरत होते. बोटांची पेरं सुजली होती.

“दुखतात का हो, बाबा?”

“छे! कामाने उलट मोकळी होतात.”

तिने काय ते ठरवलं. त्या रात्री पिशव्या बांधल्या नाहीत.

सकाळी उठण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बंद पडद्याकडे बघत ती पडून राहिली. ऊन पडद्याच्या कडेने आत आलं तरी हलली नाही.

दारावर टकटक झाली.

“सूनबाई, ऊठ. मुठी काळ्या पडल्यात.”

“कशा पडतील?” तिच्या तोंडून निघून गेलं. ती तशीच बाहेर आली.

दोन्ही मुठी काळ्या होत्या. एकसारख्या, एकही डाग नसलेल्या, तिला कधीच जमल्या नव्हत्या तशा. स्टुलावर बशीत एक सोललेलं अंडं होतं.

ती आत गेली, पडदा सारला आणि परत येऊन त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“उद्यापासून घासायचं मी, बाबा.”

“घास की.” त्यांनी बशी तिच्यापुढे सरकवली. “पण आधी हे खा. मांजर अंथरुणातच राहिली, तर मी इतके दिवस घासत कोणासाठी होतो?”