हळद लाल झाली

जयाने झाकण काढलं आणि वाफेतून पातेल्यात डोकावून पाहिलं. कडेचा साबण शिजून चकचकीत झाला होता, मधला अजून पांढुरका होता. आणखी अर्धा तास तरी हवा होता. पण पिपरी मेघेतल्या त्या घरात गॅस एक, आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसलेल्या बायका सात. उद्या खुशीची हळद होती.

"झालं का नाई व तुहं? भाजी चढवाची हाय," सासूबाईंनी, मंदाबाईंनी, तिसऱ्यांदा विचारलं.

"झालंच जी," जया म्हणाली आणि पातेलं उतरवलं.

खुशी म्हणजे थोरल्या जावेची, वच्छलाची, एकुलती एक लेक. हळदीला येणाऱ्या प्रत्येकीला जयाकाकूच्या हातची साबणाची वडी द्यायची, पांढऱ्यात पिवळ्या लाटा असलेली, आणि हळद उतरवायला आपणही तीच वडी लावायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. हट्टच तो. महिन्याभरापूर्वी जयाने तिला पहिली वडी दिली, तेव्हा तिच्या डोळ्याखाली रुपयाएवढा चट्टा उठला होता. पार्लरच्या क्रीमने झालं, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. जयानेही मान डोलावली. वच्छलाने तेवढी डोलावली नव्हती.

गरम साबण कोणासाठी थांबत नाही. जयाने घाईघाईने त्यात चार चमचे दही घोटलं, म्हणजे तो जरा सैल राहतो. निम्मा दुसऱ्या गंजात काढला, त्यात तेलात कालवलेली हळद ओतली आणि चमचा फिरवला. पिवळं होता होता ते लाल झालं. साबणात हळद थोडी केशरी होते, हे तिला ठाऊक होतं. पण हे लालभडक होतं.

"अव माय! हे तं कुंकूच झालं," मंदाबाई हरखल्या. "हळदीच्या आंदी कुंकू. शकुन चांगला हाय."

बायका वाकून वाकून पाहू लागल्या. कोणीतरी फोटो काढायला मोबाइल पुढे केला.

कुंकू. जयाचा हात जागीच थांबला. माहेरी, आर्वीला, तिची आई घरीच कुंकू करायची. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. चुन्याचं जे काम, तेच साबणात घातलेल्या कॉस्टिक सोड्याचं, आणि तो अजून मेला नव्हता, तेलात पुरता जिरला नव्हता. तिने कणभर साबण बोटावर गार केला आणि जिभेच्या टोकाला लावला. बॅटरीला जीभ लागावी तसा चटका बसला.

मग तिला जे आठवलं, ते त्याहून वाईट होतं. खुशीला दिलेली ती वडीही ओतताना अशीच लाल झाली होती, पिवळी पडली ती नंतर सुकताना. रंग काय छान चढला, म्हणून तेव्हा जयाच हरखली होती.

लाटा काढायच्या तर आत्ताच. साबण कडेने आळायला लागला होता. गपचूप साच्यात ओतला तर कोणाला काय कळणार होतं? शकुनाचा साबण म्हणून बायका मिरवतील. आणि उद्या खुशी तो तोंडाला लावेल.

"ओत ना व. काऊन थांबली?" दारातून वच्छलाने विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे.

जयाने लाल साबण परत पांढऱ्यात ओतला आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

"कच्चा हाय, ताई. मी घाई केली." तिचा आवाज फाटला. "मागच्या खेपेलेबी असाच लाल झालता. खुशीचा गाल क्रीमनं नाई जळला. माह्या साबणानं जळला."

पुढे आलेला मोबाइल खाली गेला. मंदाबाई काहीतरी बोलायला गेल्या, तोच वच्छला म्हणाली, "आई, भाजी थांबू द्या." जयाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

पाऊण तासात लाल उतरून तांबूस झालं, मग केशरी. लाटा तर गेल्याच. साबण इतका घट्ट झाला की साच्यात मुठीने दाबून बसवावा लागला. राहिलेला गोळा निवल्यावर जयाने पुन्हा जिभेला लावून पाहिला, एकदा, दोनदा.

"आता नाई चावत," ती म्हणाली.

"जीभ तुही हाय," वच्छला म्हणाली. "गाल माह्या पोरीचा हाय."

तिने गोळा उचलला, अंगणातल्या नळाखाली धरून फेस केला आणि स्वतःच्या डोळ्याखाली चोळला, खुशीला चट्टा उठला होता तिथेच. मग जयाचं मनगट धरून तिला खाली बसवलं आणि उरलेला फेस तिच्या गालाला फासला.

दोघी जावा पायरीवर बसून राहिल्या. जया वच्छलाच्या गालाकडे पाहत होती, वच्छला जयाच्या. आत भाजीची फोडणी तडतडली. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. गालावरचा फेस सुकत आला, आणि जयाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

वच्छला दचकली. "काऊन व? आग होऊन राह्यली का?"

"नाई जी, ताई," जया म्हणाली. "कुठंच नाई होऊन राह्यली."