अठ्ठाविसावा हात

"कलम सात," दीपकने वाचायला घेतलं, तसा निवृत्ती सोनुनेने चष्मा लावला.

वऱ्हाड मृदाशास्त्र परिषदेची सर्वसाधारण सभा बुलढाण्यात, एका महाविद्यालयाच्या सभागृहात चालली होती. हजर सभासद बेचाळीस. पुढच्या रांगांत प्राध्यापक, मागच्या दोन रांगांत माती तपासणीच्या प्रयोगशाळांमधले तंत्रज्ञ. निवृत्ती मागे बसला होता. परिषद स्थापन करणाऱ्या सात जणांपैकी आता तो एकटाच उरला होता.

दीपक परिषदेचा सचिव. तो परिषदेच्या घटनेतली दुरुस्ती एका सुरात वाचत होता. "यापुढे मतदानाचा अधिकार फक्त पूर्ण सदस्यांना. पूर्ण सदस्य म्हणजे पदव्युत्तर पदवी आणि नावावर किमान पाच शोधनिबंध. बाकीचे सहयोगी सदस्य. त्यांना मत नाही, निवडणूक लढवता येणार नाही, सभेत बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागेल. दुरुस्ती मंजूर झाल्या क्षणापासून लागू."

"म्हंजे आपुन फक्त चहापुरते," निवृत्तीच्या शेजारी बसलेला पुंजाजी पुटपुटला. दोघंही देऊळघाटचे, सकाळी एकाच मोटरसायकलवर आले होते.

अध्यक्ष वंदना उठून उभी राहिली. "राष्ट्रीय पातळीवरची मान्यता हवी असेल तर दुसरा रस्ता नाही. कोणाचा अपमान करायचा हेतू नाही." शेवटचं वाक्य तिने मागच्या रांगांकडे पाहून सुरू केलं आणि समोरच्या कागदाकडे पाहून संपवलं.

दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागत होती. अठ्ठावीस.

"कोणाला काही बोलायचं?" दीपकने विचारलं.

निवृत्तीने हात वर केला. तीस वर्षं मातीचे नमुने काढायला जमिनीत गिरमिट फिरवून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात सावकाश वर जायचा. तो पुरता वर जाईपर्यंत दीपक पुढे गेला होता. "बरं, जे बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

पुढच्या रांगांतले हात वर झाले. दीपक पेनाने हवेत टिंबं देत मोजत आला. "सव्वीस... सत्तावीस..." पेन मागच्या रांगेपाशी थांबलं. "अठ्ठावीस. मंजूर."

आपल्या रांगेतून कोण फुटलं, म्हणून निवृत्तीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग त्याने हात खाली घेतला.

"मले बोलाचं होतं," तो उभा राहून म्हणाला. "हात त्याच्यासाठी होता."

दीपकने वंदनाकडे पाहिलं. निवृत्तीचा हात मतदान पुकारण्याआधीच वर जाऊ लागला, ते वंदनाने पाहिलं होतं. तेव्हा तिची आणि निवृत्तीची नजरानजरही झाली होती.

"मोजणी तर झाली," दीपक म्हणाला. "आणि आता नव्या कलमाप्रमाणे बोलायला मॅडमची परवानगी..."

वंदनाने समोरचा कागद उलटला.

"पुढचा विषय घ्या."

निवृत्ती खाली बसला. आता राग येईल, असं त्याला वाटलं. तो वाट पाहत राहिला. राग आला नाही. वर पंखा फिरत होता, एवढंच त्याला ऐकू येत होतं.

नवी कार्यकारिणी दहा मिनिटांत निवडली गेली. पंधराऐवजी सात जण, सातही पुढच्या रांगांतले. मागच्या दोन रांगांकडे मोजायला कोणी आलं नाही.

"भाऊ, काऊन केलं असं?" पुंजाजीने हळूच विचारलं.

"म्या नाही केलं."

"सम्द्या मांगच्या लाइनीत तुमचा एकट्याचा हात होता. म्या माह्या डोयानं पाह्यला. बोलाचं होतं हे तं मोजल्यावर सांगतलं तुमी."

निवृत्तीला सांगता आलं असतं. पण एवढं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, याचाच त्याला कंटाळा आला. जेवणाची सुट्टी झाल्यावर पुंजाजीने बाहेर जाऊन मोटरसायकल सुरू केली आणि मागे न पाहता फाटकातून निघून गेला. निवृत्ती पायरीवरून पाहत राहिला.

थोड्या वेळाने वंदना ताट घेऊन त्याच्याजवळ आली. ताटात वरण-बट्टी होती. निवृत्ती तिच्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. ती विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा ओली माती बोटांत चोळून ओळखायला त्यानेच तिला शिकवलं होतं.

"जेवले का, भाऊ?"

"हाव," तो म्हणाला. तो जेवला नव्हता.

"तुम्ही बोलणार काय होते?"

"काई जास्त नाही. एक वाक्य वाढवा म्हणत होतो. ज्यानं माती आणली, त्याचंबी नाव निबंधात टाकाव. मंग पाच काय, दहा ठेवा."

वंदनाने बट्टी मोडली. खाल्ली नाही. तिच्या नावावर तेवीस निबंध होते. त्यांतली माती कोणी आणली, हे दोघांनाही माहीत होतं.

"पुढच्या वर्षी विषय घेऊ आपण," ती म्हणाली.

"घ्या."

ती तरीही तिथेच उभी राहिली. आत पंगतीत कोणीतरी मोठ्याने हसलं.

"मंगळवारी संग्रामपूरकडचे नमुने लागतात, भाऊ. डोंगराच्या पायथ्याची शेतं आहेत. नव्या पोरांना ते जमत नाही."

निवृत्तीने मान हलवली. खिशातून पेन काढलं.

"किती खोलवरचे आणू, मॅडम?"