न जुळलेली सही

बेल वाजली तेव्हा उल्कानं दाराकडे न जाता आधी फोन पाहिला. दारावरच्या कॅमेऱ्यात रत्नाकाकू दिसत होत्या. रेनकोटची टोपी मागे पडलेली, केस कपाळाला चिकटलेले, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. चार वाजून आठ मिनिटं झाली होती. साडेचारला मुदत संपत होती.

"इट्स रत्नाआजी!" नैना सोफ्यावरून घसरत उतरली.

उल्कानं तिला वरच्या वर उचललं, तोंडावर बोट ठेवलं आणि लेकीला घेऊन ती जिन्याखाली जाऊन बसली. दाराशेजारच्या काचेतून तेवढाच एक कोपरा दिसत नसे.

काकू कशाला आल्यात ते तिला ठाऊक होतं. काकू सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि कालच्या मोजणीत एका मतानं मागे होत्या. उल्काचं मत अजून मोजलंच नव्हतं. पोस्टानं आलेली मतपत्रिका तिनं भरली होती, वेळेत टाकलीही होती. पण पाकिटावर सही करताना हात वळला तो मराठीकडे. अमेरिकेतलं पहिलं मत, अंगात जरा आलंच होतं. सरकारकडे नोंदलेली लायसन्सवरची सही मात्र इंग्रजी. मग काउंटीच्या निवडणूक कचेरीचं पत्र आलं: सही जुळत नाही, सोबतचा फॉर्म सही करून पाठवा. ते दोन आठवडे किचनच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. उल्कानं ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली. नवरा, अमित, म्हणाला होता, "जानेवारीत माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे यार. आत्ता कुठल्या लिस्टमध्ये नाव नको. एका मतानं काय होतंय?"

बेल पुन्हा वाजली. मग काकू सरळ कॅमेऱ्याशीच बोलायला लागल्या. उल्कानं फोनचा आवाज कमी केला आणि तो कानाशी धरला.

"उल्का, मी आहे गं. सह्या न जुळलेल्यांच्या यादीत तुझं नाव आहे. घाबरू नकोस, त्यात काही गुन्हा नाही. सकाळपासून दहा घरं केली, निम्मे आपलेच निघाले. देवदत्तला तर स्वतःची जुनी सही दाखवली, तर म्हणतो, ही कुणाची?"

काकू स्वतःशीच हसल्या. चष्मा काढून त्यांनी ओढणीच्या टोकानं पुसला. ओढणीही ओलीच होती.

"फॉर्म मी आणलाय. सही करायची, फोटो काढून पाठवायचा. दोन मिनिटांचं काम. तुझं मत मोजलं तर बरोबरी होईल. मग म्हणे नाणं उडवतात. उडवू देत, तेवढं तरी होऊ दे. आता, ते मलाच दिलंयस असं मी आपली धरून चाललेय. विचारत नाही हं. दुसऱ्या कुणाला दिलं असलंस, तरी दार उघड. पहिलं मत आहे तुझं. पाकिटात राहायला नको ते."

उठावं. सहा पावलं. दार उघडावं, 'काकू, बाथरूममध्ये होते' म्हणावं. पण बाथरूममध्ये होते हे पहिल्या बेलनंतर चाललं असतं. आता पाच मिनिटं होऊन गेली होती. आणि कडेवर नैना. ती काय ते सांगूनच टाकणार. पत्राची भीती केव्हाच मागे पडली होती. इतका वेळ इथे दडून बसलो होतो, याचं काय करायचं ते तिला कळेना.

काकूंनी खाली पाहिलं. पायरीवर नैनाचे हिरवे गमबूट होते, नुकतेच काढलेले, एक उभा, एक आडवा. शेजारी उल्काच्या चपला. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली आणि कॅमेऱ्यात पाहिलं. उल्कानं फोन पटकन छातीशी पालथा धरला, जणू तिकडूनही दिसत होतं.

पुन्हा पाहिलं तेव्हा काकू वाकल्या होत्या. गमबुटात साचलेलं पाणी त्यांनी ओतून टाकलं आणि जोडी भिंतीशी, पाऊस लागणार नाही अशी ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "मी समोर गाडीत बसते. साडेचारपर्यंत आहे."

गाडी समोरच्या कडेला उभी होती. दिवे बंद, वायपर तेवढे चालू. उल्का उठून दारापर्यंत आली. चार वीस झाले. तिनं दाराची मूठ धरली. काय म्हणायचं ते ती मनात जुळवत राहिली. एकही वाक्य सुरुवातीच्या पुढे जाईना. चार सव्वीस. मूठ हातात कोमट झाली. चार तीस.

काकू लगेच गेल्या नाहीत. आणखी पाच-सात मिनिटं वायपर हलत राहिले. मग दिवे लागले आणि गाडी हळूहळू वळणाआड गेली.

घरात अंधार पडला होता. उल्काचा हात अजून मुठीवरच होता. नैनानं तिच्या कुर्त्याचं टोक ओढलं, आणि कुजबुजत विचारलं, "मॉम, आता बोलू?"